गाठ शिकवताना शिक्षक नेमका कुठे लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाळीस नवखे विद्यार्थी, शिकवायला तुम्ही दोघं, हातात आठवड्यातली एक दुपार. शस्त्रक्रियेतले टाके आणि गाठी शिकवायच्या आहेत. कम्प्युटरवर व्हिडिओ देऊन आणि जोड्या लावून मुलांना एकमेकांकडून शिकू दिलं तर चालेल का, आणि चालत असेल तर शिक्षकाची गरज कितपत उरते?

चालतं. मी गेली पंधरा वर्षं नवख्यांना हेच शिकवते आहे आणि त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं व्हिडिओ आणि जोड्या यांच्याच भरवशावर. पण तुम्ही अडचण मांडली आहे ती दाखवायला माणसं कमी आहेत अशी, आणि मला वाटतं खरी अडचण ती नाही. दोन हातांची गाठ एकदा नीट चित्रित केली की हवी तितक्या वेळा दाखवता येते. कमी पडते ती शिकणाऱ्याच्या हातावरची नजर. चाळीस जण एकदम सराव करतात तेव्हा ऐंशी हात चालू असतात. तुम्ही दोघं मिळून त्यातले चार पाहता. उरलेले शहात्तर हात त्या वेळी जे करत असतील तेच त्यांच्या अंगवळणी पडतं, मग ते बरोबर असो की चूक. म्हणून व्हिडिओ चांगला की शिक्षक चांगला या वादात न पडता मी एवढंच विचारते: शिकणाऱ्याच्या हातातली कुठली चूक कोणाला दिसू शकते?

हे मला एका जोडीने शिकवलं. तेव्हा मी व्हिडिओ दिले होते, जोड्या लावल्या होत्या, तपासणीचा तक्ता दिला होता आणि तीन आठवडे फारशी मध्ये पडले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात फेरी मारताना या दोघांपाशी थांबले. हात सफाईदार, वेग चांगला, एकमेकांच्या तक्त्यावर सगळीकडे बरोबरच्या खुणा. त्यांची एक गाठ मी हातात घेऊन किंचित सैल केली आणि पाहिलं तर ती ग्रॅनी नॉट होती, म्हणजे हवी त्या स्क्वेअर नॉटऐवजी चुकीची पडलेली गाठ. दुसरा फेरा पहिल्याच्याच दिशेने गेला होता. बाकीच्या गाठी पाहिल्या, त्याही तशाच. पहिल्या दिवशी एकाकडून हात फिरवताना चूक झाली, दुसऱ्याने त्याच्याकडून ती उचलली, आणि तीन आठवडे दोघांनी मन लावून तीच पक्की केली. त्यांच्या मेहनतीत काही कमी नव्हतं, म्हणूनच मला ते फार लागलं. ती सवय मोडायला पुढे आणखी तेवढेच दिवस गेले. तक्त्यावर मी लिहिलं होतं, 'गाठ बरोबर आहे का?' पण गाठ बरोबर आहे हे कशावरून ओळखायचं, तेच लिहिलं नव्हतं.

आता तक्त्यात काय असतं ते सांगते, कारण जोडीने शिकण्याचं यश बहुतेक त्या एका पानावर ठरतं. नवख्या जोडीदाराला 'कसं झालं?' असं विचारलं की तो 'छान झालं' म्हणतो. त्याला मैत्री जपायची असते, आणि छान म्हणजे काय हे त्यालाही अजून माहीत नसतं. त्याला गुण द्यायला सांगू नका, डोळ्यांना दिसणारी गोष्ट विचारा. गाठ थोडी सैल करा. दोन्ही बाजूंना दोरे जोडीने, शेजारी शेजारी बाहेर पडतात का? पडत असतील तर ती स्क्वेअर नॉट. टोकं आडवी, काटकोनात बाहेर येत असतील तर ग्रॅनी. एक दोरा काठीसारखा सरळ आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळलेला दिसतो का? तशी असेल तर ती सरकणार, कारण ओढताना एकाच टोकावर ताण राहिला आहे. गाठ बसवताना तर्जनी गाठीपर्यंत खाली गेली का, की दोरा वरच्या वर खेचला? या प्रश्नांची उत्तरं पहिल्या दिवशीचा विद्यार्थीही अचूक देतो.

ताण मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि व्हिडिओतूनही कळत नाही. त्यासाठी एक साधी युक्ती आहे. कागदी पेल्याच्या काठाला दोन भोकं पाडून त्यातून दोरा ओवायचा आणि तिथेच गाठ मारायची. पेला रिकामा आणि टेबलाला न चिकटवलेला. गाठ बसवताना हात वर खेचला गेला की पेला कलतो किंवा उचलला जातो. प्रत्यक्षात त्या जागी रक्तवाहिनी असते आणि असा ओढा बसला की ती मुळापासून तुटते. हे मी तोंडाने कितीही वेळा सांगितलं तरी जेवढं पोचत नाही तेवढं पेला दोनदा पडला की पोचतं. आणि पेला पडला हे जोडीदाराला दिसतं, त्यामुळे तक्त्यात तीही ओळ घालता येते.

आता कम्प्युटरविषयी. १९९८ साली डेव्हिड रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन हातांची स्क्वेअर नॉट काही विद्यार्थ्यांना कम्प्युटरवरच्या पाठातून आणि काहींना व्याख्यान व शिक्षकाच्या अभिप्रायातून शिकवली. गाठ स्क्वेअर पडते का आणि किती वेळ लागतो, यात दोन्ही गट सारखे ठरले. पण हात कसा चालला याचं मूल्यमापन केलं तेव्हा शिक्षकाजवळ शिकलेले सरस निघाले, आणि कम्प्युटरकडून अभिप्राय मिळत नाही हे त्याचं कारण मांडलं गेलं. उलट २००७ मध्ये झेरूलिस आणि सहकाऱ्यांनी टाके आणि गाठींवर केलेल्या अभ्यासात, कम्प्युटरवरच्या व्हिडिओवरून स्वतःहून शिकणारे विद्यार्थी हे सरावानंतर तज्ज्ञाचा अभिप्राय मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या तोडीस तोड ठरले. हे दोन निष्कर्ष एकमेकांना छेद देतात असं वरवर वाटेल. मला ते तसे वाटत नाहीत. एकदा पाहून बाजूला ठेवलेला व्हिडिओ म्हणजे व्याख्यानच. सराव करताना समोर चालू असलेला आणि पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिलेला व्हिडिओ तुलना करायला भाग पाडतो, आणि तुलना हाही एक अभिप्रायच आहे. म्हणून माझ्याकडे स्क्रीन टेबलावर, हातांच्या शेजारी असते. घरून व्हिडिओ पाहून या, एवढ्या सूचनेवर मी कधी थांबत नाही.

व्हिडिओ कसा असावा याबद्दल माझी मतं पक्की आहेत. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून खाली पाहणारा हवा. समोरून घेतलेल्या चित्रणात डावा हात उजवीकडे दिसतो. नवख्याची सगळी बुद्धी ते उलटवण्यात खर्च होते आणि गाठीकडे लक्ष राहतच नाही. दोरा दोन रंगांचा आणि जाड घ्या, म्हणजे कुठलं टोक कुठे गेलं याचा गोंधळ होत नाही. बारीक दोरा चौथ्या-पाचव्या खेपेला. एक लांब व्हिडिओ नको. प्रत्येक फेऱ्याचा वेगळा, अर्ध्या मिनिटाचा तुकडा करा, जो आपोआप पुन्हा सुरू होतो. डावखुऱ्या विद्यार्थ्यांसाठी तीच चित्रफीत आडवी उलटवून द्या. कुठल्याही साध्या संपादन ॲपमध्ये हे काम दोन मिनिटांत होतं, आणि त्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपल्या हाताने शिकवतंय असं वाटतं. आणि एक चित्रफीत चुकीच्या गाठीचीही करा, चुकीचीच आहे असं ठळक लिहून. त्या जोडीने ग्रॅनी नॉट कधी पाहिलेलीच नव्हती, मग ती ओळखणार कशी?

जोडीत कोणी काय करायचं हे ठरवून दिलं नाही तर दोनपैकी एक प्रकार होतो. दोघं शेजारी बसून आपापलं करतात, नाहीतर हुशार असेल तो सुईधारक (सुई धरायचं उपकरण) हातात घेऊन बसतो आणि दुसरा पाहत राहतो. त्यावर मला लागू पडलेला उपाय रॉडनी पेटन यांच्या चार पायऱ्यांच्या पद्धतीतून आला. त्यात शिक्षक आधी नेहमीच्या वेगाने करून दाखवतो, मग प्रत्येक कृती सांगत दाखवतो, मग विद्यार्थी तोंडाने सांगतो आणि शिक्षक तेवढंच करतो, आणि शेवटी विद्यार्थी स्वतः करतो. पहिल्या दोन पायऱ्या व्हिडिओ सांभाळतो. तिसरी पायरी, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती जोडीला सोपवायची. एक बोलतो, दुसरा करतो, आणि करणाऱ्याने फक्त सांगितलं तेवढंच करायचं. 'आता दोरा घे' म्हटलं तर त्याने विचारायचं, कुठल्या हाताने, कुठल्या बोटांत, पांढरा की लाल? बोलणाऱ्याला कळलं नसलेली जागा तिथेच उघडी पडते. हात कसाबसा जमवून घेतो, पण तोंडाला तसं जमवून घेता येत नाही.

पाच गाठी झाल्या की भूमिका बदलायच्या. पाहणाऱ्याचे हात मांडीवर, मध्ये हात घालायचा नाही. आणि गाठ पुरी होईपर्यंत बोलायचंही नाही. हा नियम मुलांना जड जातो, कारण चूक दिसली की तोंड उघडतंच. पण हात चालू असताना कोणी सारखं सांगत राहिलं की शिकणारा त्या आवाजावर टेकतो आणि आवाज गेला की अडखळतो. कॅथरीन वॉल्श यांनी २००९ मध्ये कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीच्या, सिम्युलेटरवर (सरावाच्या यंत्रावर) हेच तपासलं होतं. चालू कामात अभिप्राय मिळालेल्यांपेक्षा काम संपल्यावर अभिप्राय मिळालेले पुढे टिकाऊ शिकले. नियमाला अपवाद एकच, सुई. कोणी सुई बोटाने धरली, सुईसह हात दुसऱ्याच्या बाजूला गेला, तर लगेच 'थांब' म्हणायचं. सुई नेहमी उपकरणानेच धरायची. तास संपताना प्रत्येक जोडीने आपल्या सुया मोजून टोचणार नाही अशा डब्यात टाकायच्या, आणि आकडा जुळल्याशिवाय कोणी उठायचं नाही. ही सवय त्यांना पुढे ऑपरेशन थिएटरमध्ये लागणारच आहे.

टाक्यांसाठीही हाच ढाचा, फक्त तक्ता वेगळा. सुई टोकापासून साधारण दोन तृतीयांशावर धरली आहे का, ती पृष्ठभागात काटकोनात शिरली का, बाहेर येताना मनगट सुईच्या वळणाबरोबर फिरलं का की सुई सरळ ढकलली, दोन्ही कडांना अंतर आणि खोली सारखी आहे का, चिमट्याने कड चिरडली का. मनगटाच्या प्रश्नाकडे खास लक्ष द्या. बहुतेक नवखे तिथेच अडतात, आणि फोनवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण करून मूळ व्हिडिओशेजारी ठेवलं की त्यांचं त्यांनाच दिसतं. हे चित्रण जोडीदाराने करायचं, खांद्यावरूनच.

मग शिक्षक कुठे? थोडा हिशोब करू. चाळीस जणांच्या वीस जोड्या, तुम्हा दोघांना प्रत्येकी दहा. दोन तासांच्या दुपारी प्रत्येक जोडीला आठ मिनिटं दिली तर ऐंशी मिनिटं होतात, आणि चाळीस मिनिटं सुरुवात, अडीअडचणी आणि आवराआवरीला उरतात. ही आठ मिनिटं केव्हा द्यायची, यावर सगळं आहे. माझा अनुभव असा की त्यांनी वीसेक गाठी मारून झाल्यावर जावं. त्याआधी गेलात तर व्हिडिओ जे सांगू शकतो तेच सांगण्यात तुमचा वेळ जातो. फार उशिरा गेलात तर माझ्या त्या जोडीसारखं होतं. वीस गाठींनंतर त्यांच्या मनात प्रश्न तयार असतात आणि सवय अजून ओली असते. पहिल्याच दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याची एक गाठ सोडवून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. एवढं मी कुणावरही सोपवत नाही, तक्त्यावरही नाही.

शेवटची परीक्षाही शिक्षकाचीच. १९९०च्या दशकात टोरोंटोमध्ये शल्यकौशल्य मोजण्याची 'ओसॅट्स' नावाची पद्धत तयार झाली. तिच्यात पायरीपायरीचा तक्ताही होता आणि एकूण कामावर पाच अंकांची पट्टीही होती. ऊतींची काळजी, हालचालींची काटकसर, उपकरणांची हाताळणी, कामाचा ओघ अशा बाबींवर ती पट्टी चालते. अनुभवी आणि नवखा यांतला फरक तक्त्यापेक्षा या पट्टीवर जास्त स्पष्ट दिसतो, असं त्या गटाच्या पुढच्या अभ्यासात आढळलं. पण ही पट्टी वापरायला पारखलेली नजर लागते, आणि ती जोडीदाराकडे नसते. म्हणून माझ्याकडे तक्ता जोडीदाराचा आणि पट्टी शिक्षकाची अशी वाटणी आहे. 'पाच गाठी ओळीने निर्दोष, तेही दोन वेगवेगळ्या दिवशी' असं झाल्याचं जोडीदाराने लिहून दिलं की विद्यार्थी माझ्याकडे येतो. तासांची अट मी ठेवत नाही. कोणी दुसऱ्या आठवड्यात येतं, कोणी सहाव्या. घड्याळ तर सुरुवातीला लपवूनच ठेवा. वेळ मोजायला लागलात की मुलं पेला सोडून वेगाच्या मागे लागतात.

आठवड्यातली एकच दुपार मिळते याची तुम्हाला खंत दिसते. ती करू नका. मोल्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ३८ रेसिडेंट डॉक्टरांना सूक्ष्म रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. निम्म्यांना चारही सत्रं एकाच दिवशी, निम्म्यांना आठवड्याला एक अशी चार. महिन्याभराने तपासलं तेव्हा आठवड्याने शिकलेले पुढे होते, जिवंत प्राण्यावरच्या चाचणीतही. तेव्हा दिवसभराचं शिबिर भरवण्याचा मोह टाळा. मधल्या दिवसांत रोज दहा मिनिटं खुर्चीच्या हाताला दोरा बांधून सराव होऊ शकतो, आणि आठवड्यातून एकदा जोडीदाराला फोनवर चित्रण पाठवलं तरी पुरतं.

महागड्या सिम्युलेटरबद्दल तुम्ही ओझरतं विचारलं आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांचा उपयोग नि:संशय आहे. सेमूर यांच्या २००२ च्या अभ्यासात सिम्युलेटरवर तयार झालेल्या रेसिडेंटनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचं काम २९ टक्के लवकर केलं आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी होत्या. तिथे हात डावीकडे गेला की टोक उजवीकडे जातं, खोलीचा अंदाज सपाट पडद्यावरून घ्यावा लागतो, आणि हे अंगात मुरायला यंत्र लागतंच. तरी त्यासाठीही वेबकॅम बसवलेली साधी पेटी पहिल्या काही महिन्यांना पुरते. उघड्या टाक्यांसाठी मात्र माझं मत विचाराल तर पैसे दोऱ्यावर, सुयांवर आणि चांगल्या सुईधारकांवर खर्च करा. ढिल्या जबड्याच्या सुईधारकावर शिकणाऱ्याला सुई फिरते ती आपल्या चुकीने की उपकरणाच्या, हे कधीच कळत नाही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. एक वर्ष पुढचे विद्यार्थी मिळाले तर त्यांना जरूर घ्या. आपल्यासारख्यांचे हात इतके सरावलेले असतात की मधल्या पायऱ्या आपण सांगायच्याच विसरतो, आणि वर्षापूर्वी कुठे अडलो होतो हे त्यांना अजून आठवत असतं. फक्त त्यांची गाठ आधी तुम्ही सोडवून पाहा. जोड्या दर आठवड्याला बदला. त्या ग्रॅनी नॉटच्या जोडीत तिसरा कोणी आला असता तर चूक कदाचित पहिल्याच आठवड्यात पकडली गेली असती. संख्या विषम असेल तर तिघांचा गट चालतो, एक करणारा, एक सांगणारा, एक तक्ता भरणारा. चौघांचा मात्र नको, त्यात एकाला काहीच काम राहत नाही. जोडीत बसायला कुणी बुजत असेल तर पहिले दोन आठवडे त्याला एकट्याने आरशाऐवजी फोनसमोर करू द्या आणि चित्रण तुम्ही पाहा.

आणि हे सगळं फोमवर, पेल्यावर, खुर्चीवर. रुग्णाच्या अंगावरचा पहिला टाका जोडीदाराच्या भरवशावर कधीच नाही. तिथे शेजारी हात धुऊन उभा असलेला अनुभवी माणूस लागतो, तक्ता कितीही वेळा पुरा झालेला असो.

येत्या दुपारीच सुरुवात करायची असेल तर व्हिडिओच्या मागे लागण्याआधी तुम्ही दोघांनी समोरासमोर बसून गाठीचा तक्ता लिहा. मग एकाने मुद्दाम मिसळून दहा गाठी माराव्यात, काही बरोबर, काही ग्रॅनी, काही सरकणाऱ्या, आणि त्या कधी टाके न घातलेल्या कुणाला तरी तक्त्यासह द्याव्यात. त्या माणसाने दहाही बरोबर ओळखल्या तर तक्ता मुलांच्या हाती द्यायला हरकत नाही. जिथे तो अडखळेल ती ओळ पुन्हा लिहा.